पेरूपुरतं पातं

जांभळी नाक्यावर, मिरच्यांच्या खाटात निम्मं बुडालेलं
मुफद्दलभाईंचं हार्डवेअर.
बाहेर दोरखंड, झाडू, उंदरांचे पिंजरे,
आत काचेखाली विटक्या मखमलीवर
अकरा चाकू, सगळे उघडे,
बाजारात बोंबील मांडावेत तसे.

"सुरी दाखवू, बेन? विळीपण आहे."
सुरी नको. घडीचा हवाय.
पर्समध्ये राहील असा, रोजचा.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
एक काळा काढला, खटक्याचा.
अंगठ्यानं दाबला, आणि तो असा उडाला बाहेर
की खिळे मोजणारा पोरगा आकडा विसरला.
"लेडीज हाच नेतात. रात्रपाळीवाल्या.
नुसत्या आवाजानं समोरचा पळतो."

समोर कुणी नाही हो, मी म्हटलं.
समोर खोकी आहेत.
वागळे इस्टेट, दुसरा मजला,
दिवसाला दीडशे, त्यावर टेप, टेपवर टेप,
आणि कंपनीचं कटर गजबेसाहेबांच्या ड्रॉवरला
साखळीनं बांधलेलं, बँकेतल्या पेनसारखं.
दर वेळी मागायचं. दर वेळी रजिस्टरात सही.
तेरा वर्षं मी घराच्या किल्लीनं पुठ्ठा फाडतेय,
आता किल्ली कुलपात अडकते.
आणि पेरू असतो, चार वाजता.
दातानं खाल्लेला पेरू
वाटून देता येत नाही.

"पेरू," ते म्हणाले,
आणि काळा चाकू मिटून मागे सरकवला.
"मग नीट बघायला लागेल."

एकात कात्री, पेचकस, दातकोरणं,
आणि एक आकडा, कशाचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
तेवढी कामं मला कुठून आणायची?
एकाची मूठ पितळी; पर्सचा पट्टाच तुटेल.
एक चकचकीत, कधी न गंजणारा,
"पण धार गेली की रुसून बसतो."
शेवटी शिसवी मुठीचा. पातं करंगळीएवढं.
"हा काळा पडेल. पेरूचा डाग राहील.
पण कपबशीच्या बुडावर चार वेळा ओढा,
लगेच माणसात येतो."

हातात दिला नाही. काचेवर ठेवला.
"हातोहात दिला की भांडण. गिऱ्हाईक परत यायला पाहिजे."
आमची आईही अशीच सुरी जमिनीवर ठेवायची,
बोट काढून घ्यायची, मग म्हणायची, घे.

मी नखानं उघडला. नख मोडलं. उघडला.
मिटायला गेले तर ते काचेवर टकटक करू लागले,
"बोट! बोट बाजूला!
उघडताना सगळे जपतात."
आणि आपला अंगठा दाखवला,
आडवा, पांढरा, जुना वण.
कधीचा, ते मी विचारलं नाही.

तीनशे चाळीसचे तीनशे दहा झाले.
बिलावर लिहिलं: फळाचा चाकू, नग एक.
"कुणी पर्स तपासली तर हे दाखवा."
दाखवून काय होईल, ते दोघांनाही माहीत नव्हतं.
कागद मी तरी घडी घालून ठेवला,
रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी.

तलावपाळीच्या कठड्यावर पहिला पेरू कापला.
चार फोडी, पैकी एक वाकडी.
शेजारचा फुगेवाला बघत होता, त्याला सरळ दिली.
वाकडीला मीठ जास्त लागतं, ती माझी.

हे सगळं सांगायचं कारण सोमवार.
ड्रॉवरची किल्ली हरवली. ट्रक खाली उभा.
गजबेसाहेब माझ्या टेबलापाशी आले,
घसा खाकरला,
"तुमच्याकडे म्हणे काहीतरी आहे."

मी हातात दिला नाही.
टेबलावर ठेवला, मिटलेला,
आणि त्याच्याशेजारी
रजिस्टर उघडून पेन.